निंबावरची गुळवेल

सागरची कावीळ हटत नव्हती. लिव्हरच्या आजारांवर संशोधन करणारी अमरावतीची डॉक्टरीण दर तपासणीला त्याच्या आईला, पार्बताबाईला बजावायची, "जडीबुटी देऊ नका. असलेलं लिव्हरही जाईल."

"नाई देत, बाई," पार्बताबाई म्हणायची, आणि तिच्या लेखी ते खरंच होतं. जडीबुटी म्हणजे परतवाड्याच्या बाजारात वैदू विकतो ती. अंगणातल्या निंबावरची गुळवेल तर घरचीच. रिपोर्ट बिघडला की ती सागरच्या काढ्यात वीतभर वेल जास्त टाकायची.

सागरची तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं गरोदर सुनेपुढे काढ्याचा पेला धरला.

"घे, वर्षाली. सागरले सुरू कराले मले उशीर झाला. लेकराले पयलेपासूनच लागू दे."