बदली नर्तिका

"मला ओळखत नाहीस असं दाखव," ताई काउंटरवर वाकून कुजबुजली. डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्याला स्कार्फ आणि सुजलेल्या उजव्या पायात नवऱ्याची ढगळ चप्पल.

काउंटरमागची मुलगी गार पडली. बॅले कंपनीची मुख्य नर्तिका सकाळी सकाळी हाडांच्या दवाखान्यात लंगडत आली होती, तेही ही मुलगी नोकरी करते त्याच दवाखान्यात!

कंपनीत या मुलीला सगळे 'बदली' म्हणायचे. कामच तसं होतं. ताईची अख्खी भूमिका पाठ करायची, रंग लावून विंगेत तयार राहायचं आणि ताई धडधाकट असली की रंग पुसून घरी जायचं. पैसे मिळणार ते नाचलं तर. आणि ताईला तर साधी शिंकसुद्धा येत नसे. म्हणून घरभाड्यासाठी आणि बोटांच्या टोकांवर नाचायच्या, सारख्या झिजणाऱ्या पॉइंट शूजसाठी सकाळी हे काउंटर.

डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला आणि एक्स-रे काढायला लावला. हे डॉक्टर कायम घाईत. दुपारी मोठ्या हॉस्पिटलात जायचे, तिथूनच एक्स-रे बघून काउंटरवर फोन करायचे. पेशंटला काय ते कळवायचं काम बदलीचं.

निघताना ताईने तिचा हात घट्ट धरला. "मास्तरांना कळलं तर आज मला उभं करणार नाहीत. माझ्या वयात एकदा बसलं की बसलंच गं. यात तुझं काय अडकलंय ते कळतं मला. तरी तोंड वर करून मागते. बोलू नकोस."

"दवाखान्यातलं दवाखान्यात राहील, ताई."

म्हणायला काय जातं! नृत्य बसवणाऱ्या मास्तरांनी तिला नुकतंच स्पष्ट सांगितलं होतं. हंगाम संपला की एकच मुलगी पगारावर घेणार, आणि जिला प्रेक्षकांसमोर कधी पाहिलंच नाही तिला कशी घेऊ? हंगामाचा शेवटचा प्रयोग आज संध्याकाळीच होता.

आईला तेवढं फोनवर सांगितलं. आईला सांगितलेलं काही मोजायचं नसतं.

"अगं मग कळव की त्या मास्तरांना!" आई कडाडली. "तोंडाशी आलेला घास सोडतेस?"

"पेशंटची गोष्ट बाहेर बोलायची नसते, आई."

"इतका साळसूदपणा बरा नव्हे. अगदी बापावर गेलीस." आईने फोन आपटला.

दुपारी डॉक्टरांचा फोन आला. ती उभ्यानेच ऐकत होती. "हो... हो, डॉक्टर... आलं लक्षात. लगेच कळवते." फोन ठेवल्यावर ती आत जाऊन पाणी प्यायली, मग ताईचा नंबर लावला.

"ताई, नुसती सूज आहे. पट्टी आवळून बांधा आणि बिनधास्त नाचा."

पलीकडे ताई चक्क रडायला लागली. पुढे काही विचारलं नाही तिने. नाचणाऱ्या माणसाचं असंच असतं. 'थांब' म्हणा, चार डॉक्टर पालथे घालतील. 'नाच' म्हणा, कारणसुद्धा विचारणार नाहीत.

संध्याकाळी विंगेत मास्तर बदलीच्या शेजारी येऊन उभे राहिले. समोर ताई उड्या मारून पाय मोकळे करत होती. "आज हिची उडी जरा दबलेली वाटते. तुला काही माहितीय?"

एक शब्द पुरला असता. "दमल्या असतील, सर," बदली म्हणाली.

मास्तर गेले तशी कपडेपटातल्या मावशींनी तिला कोपराने ढोसलं. ताईला मोजे चढवताना त्यांनी पट्टी पाहिली होती. "तुला सगळं ठाऊक आहे ना? दुसरी असती तर गावभर डंका पिटला असता. वेडी कुठली!"

"असू दे हो, मावशी."

पहिला अंक पार पडला. बदली विंगेत टाचा वर-खाली करत होती. ताईची मान ताठ होती, चेहऱ्यावर हसू होतं, पण वळणावर ती दात आवळून धरत होती, ते इथून दिसत होतं. बघवत नव्हतं आणि नजरही हलत नव्हती.

दुसऱ्या अंकात मोठी उडी होती. ताई उडाली, खाली आली आणि उठलीच नाही. तिची किंकाळी शेवटच्या रांगेपर्यंत गेली असेल. पडदा पाडला.

"बदली!" मास्तर ओरडले.

स्ट्रेचरवरून ताईने तिची बोटं पकडली. "तू शब्द पाळलास गं पोरी. माझंच नशीब फुटकं," ती कण्हत म्हणाली. बदलीचे डोळे भरून आले.

पडदा पुन्हा उघडला. पहिल्या पावलापासून अंगात मुरलेलं सगळं आपोआप बाहेर आलं. शेवटी प्रेक्षक उभे राहिले. मास्तरांनी विंगेतच तिच्या पाठीवर थाप मारली. "सोमवारपासून पगारावर. आणि आता तुला नावाने हाक मारायला पाहिजे."

रंगपटात मावशी तिच्या केसांतल्या पिना काढत होत्या, तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टर होते.

"सकाळच्या त्या पेशंटला इथे आणलंय. हाड पार तुटलंय, पुन्हा नाचणं कठीण आहे. अगं, दुपारी मी तुला काय सांगितलं होतं? हाडाला तडा गेलाय, पाय जमिनीला टेकवू देऊ नकोस म्हणून! कळवलं नाहीस का तिला?"

"एकदा सोडून दोनदा बजावलं, डॉक्टर," ती म्हणाली. "पण ऐकतात कुठे त्या!"