खाडाखोड

"एकशे अठरा," भाची म्हणाली आणि तिने उत्तरपत्रिका जेवणाच्या टेबलावर टाकली. ती नेमकी आत्याच्या प्रुफांवर जाऊन पडली.

आत्या मुद्रितशोधक होती. दुसऱ्यांच्या चुका काढून ती चोवीस वर्षं पोट भरत होती आणि त्याचा तिला जराही संकोच नव्हता. रविवारी दुपारी टेबलाच्या एका टोकाला भाचीने अभ्यास करायचा, दुसऱ्या टोकाला आत्याने प्रुफं तपासायची, अशी वाटणी होती. आज पाण्याचे पंप दुरुस्त करण्यावरचं पुस्तक आलं होतं.

"किती पैकी?"

"दोनशे. मेडिकलला निदान एकशे चाळीस लागतात. पहिल्या सराव परीक्षेत एकशे एकतीस होते, दुसऱ्यात एकशे सव्वीस, आता हे. वर जायचं सोडून खाली चाललेय मी. नुसतं पालथ्या घड्यावर पाणी."

फ्रिजवर कॅलेंडर लटकत होतं. त्यात पुढच्या महिन्याच्या अकरा तारखेला तिनेच ठळक अक्षरांत 'प्रवेश परीक्षा' असं लिहिलं होतं. त्यावर सकाळपासून एक लाल रेघ होती.

"संध्याकाळी बाबा आले की सांगून टाकणार आहे. मी परीक्षेला बसत नाही."

आवाज ठाम होता, डोळे मात्र भरून आले होते. डॉक्टर होण्याखेरीज तिला दुसरं काही नको होतं, म्हणून तो आकडा तिला सोसत नव्हता. ती तोंड धुवायला गेली.

परत आली तेव्हा आत्या उत्तरपत्रिका खिडकीच्या उजेडात तिरपी धरून भिंगातून बघत होती. शेजारी बरोबर उत्तरांची यादी उघडी होती.

"आत्या, दे इकडे. यकृत डावीकडे असतं की उजवीकडे, हे तरी ठाऊक आहे का तुला?"

"नाही बाई. पंपातलंही मला काही कळत नाही. तरी सकाळपासून त्या पुस्तकातल्या बारा चुका काढल्यात. बस गप."

अर्धा तास आत्याचं बोट उत्तरांच्या एकेका गोलावरून सरकत होतं. मधेच ती थांबायची, यादी बघायची, पेन्सिलीने बारीकशी काहीतरी खूण करायची आणि पुढे जायची. घरात फक्त फ्रिजची घरघर ऐकू येत होती.

"इतकं का खोडतेस गं?"

"शंका आली की खोडते. खोडायचं नाही का?"

"खोड की. पण बावीस ठिकाणी बरोबर उत्तर खोडून चुकीचं भरलंयस. पुसलं तरी पेन्सिलीचा ठसा राहतो कागदावर. चार ठिकाणी चुकीचं खोडून बरोबर केलंयस, तेही सांगते. नाहीतर म्हणशील, आत्या लाडाने बोलते."

भाचीने कागद हिसकावूनच घेतला. "त्रेसष्टावा... अगं, हा मला येत होता! आणि हा एकशे दहावा, हा तर मी झोपेतसुद्धा सांगेन!"

"मग खोडलास कशाला?"

तिने जरा विचार केला. "शेवटची पंधरा मिनिटं उरली होती. वाटलं, मला पटकन सुचलंय, म्हणजे चूकच असणार."

आत्याने चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "आधीचे दोन पेपर आण."

पहिल्या पेपरात अशा खाडाखोडी पाच निघाल्या, दुसऱ्यात अकरा. मार्क घसरत गेले तशी बाईसाहेबांची धास्ती वाढत गेली, आणि धास्ती वाढली तसा खोडरबर झिजत गेला. आता तो वाटाण्याएवढा उरला होता. स्वतःच्याच हाताने स्वतःच्याच पायावर धोंडा, आणि तोही इतका नेटका पुसून!

भाचीने समासात हिशेब केला. बावीस मिळवले, चार वजा केले. "एकशे छत्तीस. तरी चार कमीच."

"ते चार अभ्यासाचे. त्यात मी पडत नाही. महिना आहे तुझ्याकडे."

भाचीला हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदा तिला भूक लागल्याचं जाणवलं. पुसलेल्या प्रत्येक बरोबर गोलाखाली तीन-तीन बारीक टिंबं होती. तिने त्यावर बोट ठेवलं. "ही कसली?"

"आमची खूण आहे. चांगला शब्द चुकून खोडला गेला, तर तो पुन्हा लिहीत बसायचं नाही. खाली टिंबं द्यायची. छापणाऱ्याला कळतं, खोडलेलं दिसलं तरी हे होतं तसं राहू द्यायचं आहे." एवढं सांगून आत्या आपल्या पंपांकडे वळली.

भाची बिस्किटं खात थोडा वेळ त्या टिंबांकडे बघत राहिली. मग तिने खोडरबर आत्याच्या डबीत टाकला, आत्याची पेन्सिल उचलली आणि ती फ्रिजपाशी गेली.

संध्याकाळी बाबा बाहेरून आले तेव्हा ती घड्याळ लावून चौथा सराव पेपर सोडवत होती. पाण्याची बाटली काढायला ते फ्रिजकडे गेले आणि कॅलेंडरपुढे थबकले.

"अगं, ही परीक्षेवर रेघ कसली मारलीयस?"

तिने पेपरातून मान वर केली नाही. "रेघ सोडा हो, बाबा. खालची टिंबं बघा."