रुळाचा तुकडा

"वच्छलीले कवा नेशीन?"

इस्तारीनं हे विचारलं तेव्हा त्याचा व्याही मनसाराम लॉरीच्या सांगाड्याखाली उताणा पडलेला होता, आणि जॅकचा दांडा इस्तारीच्या हातात होता.

लढाईनंतर भंगारात निघालेल्या तीन लष्करी लॉऱ्या मोडून ठेकेदार त्यातून एक धड लॉरी जोडून घेत होता. शनिवारी ती आलापल्लीच्या जंगलात सागवान आणायला जायची होती. चांद्याच्या त्या यार्डात लॉरी जोडणारे हे दोघंच पक्के मिस्त्री. पोरीचा बाप आणि पोराचा बाप. चार महिन्यांपासून त्यांचं बोलणं बंद होतं, पण रिव्हेट काही एका माणसानं बसत नाही. एकानं खाली पडून आगगाडीच्या रुळाचा सव्वा वीत लांब तुकडा खालून रेटून धरायचा, दुसऱ्यानं वरून लाल रिव्हेट ठोकायची. डाव्या बाजूला एक खाली, उजव्या बाजूला दुसरा, असा तिथला रिवाज. डावी बाजू आत्ताच संपली होती. बाकीची माणसं जेवायला मोहाच्या झाडाखाली गेली होती.

मनसाराम बाहेर सरकू लागला. इस्तारीनं दांडा एक फेरा उलटा फिरवला. सांगाडा बोटभर खाली आला.

"काऊन रे, याड लागलं का? वर घे!"

"पोरगी चार महिने झाले घरी बसून हाय. गाव मले विचारून राह्यलं. कवा नेशीन?"

"तुही पोरगी तोंडाची फटकळ. माही बायको तिले घरात घ्याले तयार नाई."

दुसरा फेरा. लोखंड मनसारामच्या छातीला टेकलं. रुळाचा तुकडा त्याच्या हातून सुटून पायाकडे गेला, आणि तो घ्यायला आता त्याला हलता येईना.

"तिसऱ्या फेऱ्याले बरगडी बोलते, इवाई," इस्तारी हसत म्हणाला. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात. चार महिने हा जात्यात होता, आज सुपात आला होता. त्याला फार बरं वाटत होतं, आणि ते लपवायची गरज त्याला वाटली नाही.

तिसरा फेरा पुरा व्हायच्या आतच मनसाराम ओरडला, "नेतो! शनवारी नेतो! वर घे, तुह्या पाया पडतो."

"पोराची आण घे."

"खुशालची आण."

इस्तारीनं सांगाडा वर घेतला. मनसाराम बाहेर आला. त्यानं शिवी दिली नाही की हात उगारला नाही. मडक्यातलं पाणी प्याला, भात्याजवळ बसून निखारे फुलवले आणि त्यात चार रिव्हेट टाकल्या. मग अगदी रोजच्या आवाजात म्हणाला, "चाल. उजवी बाजू. आता तुही बारी."

इस्तारी उभाच राहिला. नाही म्हणणं सोपं होतं. पण या माणसावर माझा भरवसा नाही असं म्हणायचं, आणि शनिवारी त्याच्याच घरी पोरगी धाडायची? त्यानं रुळाचा तुकडा उचलला आणि फरशीवर पाठ टेकून खाली सरकला.

मनसाराम सांडशीत रिव्हेट धरून आला. रिव्हेट लाल होती, सांडशीची दोन्ही टोकंही लाल होती. "हात कडंले घे, इवाई," तो म्हणाला. इस्तारीनं हात बाजूला घेतला तरी सांडशी मनगटाच्या मागोमाग सरकली, न टेकता वर थांबली. जरा जास्तच वेळ तिथं राहिली.

इस्तारी त्या दोन लाल टोकांकडे पाहत राहिला. वच्छला घरी आली तेव्हा तिच्या मनगटावर दोन डाग होते, एकमेकांशेजारी, अगदी सरळ. चूल लागली, बा, असं ती म्हणाली होती. त्यानं ते खरं धरलं, कारण ते खरं धरणं सोईचं होतं. चूल कुणाच्या मनगटावर अशा दोन सरळ रेघा ओढत नाही. त्याला स्वतःची लाज वाटली.

"मनसाराम, वच्छलीच्या हाताले काय लागलं होतं?"

मनसारामनं सांडशी खाली ठेवली आणि जॅकचा दांडा घेतला. "ते आता काऊन विचारतं? शनवारी नेतो ना मी तिले. शब्द तूच घेतला."

"पोरगी नाई धाडत मी."

"धाडशीन."

पहिला फेरा. सांगाडा बोटभर खाली आला. इस्तारीला मनसारामचे अनवाणी पाय तेवढे दिसत होते. हाक मारली असती तर मोहाखालची माणसं धावून आली असती. मग आधी कोणी काय केलं तेही निघालं असतं.

"तू हो म्हण, मी वर घेतो," मनसाराम म्हणाला.

"नाई."

इस्तारीनं रुळाचा तुकडा बरगडीला लागून फरशीवर उभा केला आणि त्याचा माथा सांगाड्याच्या पट्टीखाली सरकवला. बावीस वर्षं हातात वापरलेलं लोखंड. त्याची लांबी त्याला न मोजता ठाऊक होती.

दुसरा फेरा. सांगाडा सदऱ्याला टेकला, खट्ट वाजला आणि थांबला. तिसरा फेरा झाला, चौथा झाला. जॅक खाली गेला, सांगाडा रुळाच्या तुकड्यावर तिथंच राहिला. दांडा हातात रिकामा फिरू लागला, तरी मनसाराम तो फिरवतच होता.

"फिरव," खालून इस्तारी म्हणाला. "शनवारपर्यंत फिरव."