गुरुवारचं आजारपण

भाजलेलं डुक्कर गार होत होतं आणि चर्चच्या पाळकबाईंचा पत्ता नव्हता.

फ्रेट्सकाकांच्या साठीचं जेवण होतं. मनाडो शहरातून आलेले पाहुणे मंडपात रिकाम्या ताटल्या मांडीवर घेऊन बसले होते. बांबूत शिजवलेला भात उघडून ठेवला होता आणि काकू त्यावरच्या माश्या वारून वारून थकल्या होत्या. पण प्रार्थनेआधी घास तोंडात घालायचा नाही, आणि प्रार्थना पाळकबाईंनीच करायची, ही आमच्या गावाची रीत. वाढदिवस असो, नवी गाडी असो, नाहीतर डुकरांचा नवा गोठा असो. चर्चच्या पंचाने केलेली प्रार्थना देवाला चालते, यजमानाला चालत नाही. ती म्हणजे दुधाची तहान ताकावर. फ्रेट्सकाका स्वतः पंच होते, तरी आपल्या साठीला त्यांनाही ताक नको होतं.

“बाई अडकल्या कुठे?” त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“ओमा नोंचेला पुन्हा बरं नाही म्हणे. तिकडे गेल्यात,” काकू म्हणाल्या.

“पुन्हा? ही म्हातारी दर गुरुवारी मरायला टेकते आणि शुक्रवारी बाजारात मिरचीवाल्याशी भांडते!”

पाहुणे हसले. काकांना हसू आलं नाही. त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि तरातरा निघाले. वाटेत ते मनातल्या मनात बोलणी तयार करत होते. पंचाच्या घरचं कार्य सोडून म्हाताऱ्यांच्या उशाशी बसायचं म्हणजे काय? आधीचे पाळक असं करायचे नाहीत. तेच पाळक शेवटी हृदयविकाराने गेले, हे काकांना त्या वेळी आठवलं नाही.

ओमा नोंचे अंगणात वाकून चटईवर लवंगा पसरत होती. ओमा म्हणजे आजी, आणि गल्लीतल्या सगळ्यांचीच ती आजी. काकांना पाहून ती सरळ झाली, पण अंथरुणाकडे धावली नाही.

“तू तर ठणठणीत आहेस!” काका म्हणाले.

“हळू बोल.”

“आजारी कोण आहे मग?”

ओमाने ओठांवर बोट ठेवलं, त्यांच्या दंडाला धरून आत नेलं आणि खोलीचा पडदा जरासा बाजूला केला.

पाळकबाई झोपल्या होत्या. काळा झगा अंगावर तसाच, एक बूट पायात, एक खाली. तोंड उघडं. ओमाने पोटावर जुनी शाल टाकली होती. चर्चमध्ये एवढ्या उंच दिसणारी बाई त्या खाटेवर अगदी लहान दिसत होती. काकांच्या धाकट्या मुलीएवढीच असेल. तिचं नाव रेनी आहे, हेही काकांना आठवायला क्षणभर लागलं.

“सकाळपासून चार घरी प्रार्थना केली तिने,” ओमा कुजबुजली. “चारही घरी जेवली. तुझ्याकडे पाचव्यांदा जेवणार होती.”

“नाही म्हणायचं मग.”

“म्हणाली होती एकदा. तुझ्याच बायकोने महिनाभर तिच्याशी हात मिळवला नाही.”

काकांची नजर खाली पडलेल्या बुटाकडे गेली.

“पहिल्यांदा आली ना, तेव्हा इथे बसून रडली. म्हणाली, ओमा, या रविवारी मी झगा उतरवते, आता नाही जमत. मी म्हटलं, रविवार येईल तेव्हा येईल, तू आधी आडवी हो. झोपून उठली आणि म्हणाली, पुढच्या रविवारी बघू. तेव्हापासून मी दर गुरुवारी आजारी पडते, बाबा. आजाऱ्याकडे जाऊ नको असं कोणी म्हणू शकत नाही ना.”

“म्हणजे तू देवाच्या सेवकासाठी गावाला खोटं...”

“देवाशी मी बोलून घेतलंय.”

बाहेर कोणाची तरी मोटारसायकल गेली. खाटेवर जरा हालचाल झाली. दोघंही श्वास रोखून उभे राहिले. पुन्हा घोरणं सुरू झालं, तेव्हा ओमाने डोळे पुसले.

“उठवायचं असेल तर उठव तिला,” ती म्हणाली. “एका हाकेत उठेल. हसत उठेल. तुझ्या घरी येईल, छान प्रार्थना करेल, दोनदा वाढून घेईल. आणि रविवारी जाईल ती. मग मला अडवता यायचं नाही.”

काकांनी पडद्याला हात घातला. मग त्यांनी आत जाऊन दुसरा बूट हलक्या हाताने काढला, पहिल्याच्या शेजारी ठेवला आणि पाय न वाजवता बाहेर आले. ते घराकडे वळले.

मंडपात सगळ्यांनी माना वळवल्या. काकांच्या मागे कोणी नव्हतं.

“बाई?” काकूंनी विचारलं.

“येणार नाहीत. उभे राहा सगळे. मी करतो.”

मनाडोच्या मेव्हण्याने भुवया उंचावल्या. काकांना पंच होऊन इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत मोठ्याने प्रार्थना करायची वेळ त्यांनी कधी स्वतःवर येऊच दिली नव्हती. पाळकबाई होत्या की! त्यांनी डोळे मिटले. ठरीव शब्द काही केल्या सुचेनात. कोणीतरी खोकलं. मग काका बोलले, आणि आमच्या गावात एवढी लहान प्रार्थना त्याआधी कोणी ऐकली नव्हती.

“प्रभू, आमची रेनी झोपलीय. तिला उठवायला जाणारा मीच होतो. आता दुसऱ्या कोणाला जाऊ देऊ नकोस. आमेन.”