मूठ

तिसरी गोळीही पुठ्ठ्याच्या माणसाच्या डोक्यावरून गेली आणि मागच्या मातीच्या ढिगात घुसली. शिपाई घोरमोडेला फक्त रडू फुटायचं बाकी होतं. उरलेल्या गोळ्या छातीत लागल्या नाहीत, तर पथकातून तिचं नाव कटणार होतं.

“पिस्तूल बदलून द्या ना, उस्ताद! हे फार उडतंय.”

उस्तादांनी तिची मूठ पाहिली. “नळी मुठीपासून जितकी उंच, तितकं पिस्तुलाचं तोंड वर उसळणार. तू मूठच खाली धरतेस, मग ते उडणार नाही तर काय? हात वर सरकव. पार स्लाइडखाली भिडव.”

तिथेच तर घोडं अडलं होतं. पहिल्या सरावात गोळी सुटताच झटक्याने मागे आलेल्या स्लाइडने, नळीवरच्या त्या सरकत्या लोखंडी भागाने, तिच्या अंगठ्याजवळचं बेचकं सोलून काढलं होतं. तेव्हापासून हात आपोआप खाली घसरायचा.

“पुन्हा कापेल हो!”

“कापेल,” उस्ताद म्हणाले.

तिने हात वर चढवला आणि चाप ओढला. कातडी फाटली. पुठ्ठ्याच्या छातीत भोक पडलं.

मनगटावरून ओघळणारं रक्त पाहून उस्तादांनी रुमाल पुढे केला.

“नको, उस्ताद!” ती ओरडली. “आता मूठ सोडली, तर हात पुन्हा वर जायचा नाही.”