काळ्या रंगातली खोली

सु-हानने लिनक्स या संगणकप्रणालीच्या पडद्यासाठी काळीभोर थीम बनवून लोकांना फुकट दिली होती. आज ओसाकाहून ती वापरणाऱ्या एकाची तक्रार आली. सोबतच्या स्क्रीनशॉटमध्ये काळ्या रंगात एक खोली अंधूक दिसत होती. खोली तिचीच, खुर्चीत पाठमोरी तीच. टेबलावर आत्ताच आणलेलं सोयादूध.

तिने थीम बनवण्यातल्या भागीदाराला, कुआनतिंगला, फोन लावला. "खरं सांग, काय घुसडलंस?"

"ताई, त्यात नुसते रंगांचे आकडे आहेत. काचेतलं प्रतिबिंब असेल."

"स्क्रीनशॉटमध्ये काच उमटते का रे?"

"थांब, माझ्याकडे लावून बघतो."

ती खुर्चीला घट्ट धरून बसली.

"खोली दिसतेय. दुधाला वाफ आहे. खुर्ची रिकामी." पुढच्या वाक्यात 'ताई' नव्हतं.

"कोण बोलतंय?"