शिंकेचं उत्तर

जतन केंद्राच्या नाडगौडा मॅडम जायला उठल्या, तेव्हा सुमरीने तासाभरात पहिल्यांदा नीट श्वास घेतला. तिच्या चार वर्षांच्या लेकीने, बिजलीने, सगळी उत्तरं मराठीत दिली होती आणि मॅडमच्या हातातलं, पाड्याची धोरी बोली ओळखणारं यंत्र गप्प होतं. धोरी बोलणारं मूल सापडलं की ते परदेशातल्या केंद्रात जायचं, भाषा जगवायला, कायमचं. शेजारची दोन्ही मुलं अशीच गेली. तेव्हापासून पाड्यावर कुणी धोरीत मोठ्याने बोलत नव्हतं.

उंबऱ्याशी मॅडम शिंकल्या.

"ओरेमा," बिजली म्हणाली. शिंकणाऱ्याला धोरीत आशीर्वाद द्यायचा, तो हा.

सुमरीने तिचं तोंड दाबलं, पण यंत्राचा हिरवा दिवा लागला होता. मॅडमनी रुमाल काढला नाही, नाकही पुसलं नाही.

"तुमच्यात कुणाची शिंक तशीच जाऊ देत नाहीत, असं फाइलमध्ये वाचलं होतं," त्या म्हणाल्या.

"तिला तेवढा एकच शब्द येतो, मॅडम."

"एक पुरतो." मॅडम खाली वाकल्या आणि त्यांनी बिजलीच्या छोट्या चपला तिच्या पायांपुढे सरळ करून ठेवल्या.